तिथं आमचं घर होतं

ताडोबाला मी गेले ती वाघ बघायला, दुसरं काही डोक्यातही नव्हतं. पहाटेची सफारी, कडाक्याची थंडी, अंगावर दोन स्वेटर आणि वरून शाल, आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला गाईड, पन्नाशीचा असेल, विचारलं तेवढंच बोलणारा. फिरत फिरत आम्ही एका मोठ्या गवताळ मैदानाच्या कडेला येऊन थांबलो. चार-पाच जिप्सी आधीच लागलेल्या, सगळे गप्प, कारण चितळांचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागली की ती ओरडतात तो आवाज, झालेला आणि वाघीण त्या गवतात बसलीय अशी सगळ्यांची खात्री. अर्धा तास गेला तरी वाघीण काही उठेना. मग मी आपलं कुजबुजत विचारलं, भाऊ, हे एवढं मोकळं मैदान जंगलाच्या मध्येच कसं काय, असं आपोआप असतं का?

तो वळला नाही. समोर बघतच म्हणाला, "ताई, हे गाव होतं. ते मोहाचं झाड दिसून राह्यलं ना, त्याच्या बाजूला आमचं घर होतं."

त्यानंतर मला वाघीण दिसली की नाही हे खरंच आठवत नाही. म्हणजे दिसली असणार, फोटो आहे माझ्याकडे. पण आठवतं ते वेगळंच. त्याच्या त्या एका वाक्यानंतर सगळं मैदान बदलून गेलं. तोवर मला नुसतं गवत दिसत होतं, आता त्या गवतात सरळ रेषा दिसायला लागल्या, त्या धानाच्या बांध्यांचे धुरे होते, झिजलेले, बसलेले, पण सरळ. जंगल सरळ रेषेत काही करत नाही. एका बाजूला चिंच, त्याच्याजवळ दगडांचा एक गोल ढीग, ती विहीर. थोडं पुढे जमिनीत अर्धा रुतलेला एक चपटा दगड, मी त्याच्याकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो म्हणाला, पाटा आहे तो, वजनाचा होता, कोण नेणार. बस. एवढंच. आणि मग तो पुन्हा गवताकडे बघायला लागला, कारण त्याचं काम वाघीण दाखवायचं होतं आणि मागे बसलेल्या आम्ही तिघांनी त्यासाठी पैसे भरलेले होते.

कोअर एरियात, म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्यात, गाडीतून उतरायला परवानगी नसते, आणि ते बरोबरच आहे, समोर वाघीण आहे. पण म्हणजे हा माणूस रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या अंगणासमोर येऊन थांबतो आणि त्याला तिथं पाय ठेवता येत नाही. हे माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. त्याच्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, त्याला उगाच कुणी शोधत यायला नको.

घरी आल्यावर मी वाचायला बसले. जितकं वाचत गेले तितकं एक लक्षात यायला लागलं, की आपण ज्याला "जंगल" म्हणून बघायला जातो त्यातला बराच भाग माणसांच्या हातून झालेला असतो. ताडोबातली जामणी, नवेगाव ही नावं सफारीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतात. "जामणीला सायटिंग झालं का", "नवेगावच्या कुरणात आज बछडे होते". ही गावांची नावं आहेत हो. माणसं राहायची तिथं. ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ साली, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. अंधारी अभयारण्य १९८६ चं, आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला, कोअर साधारण ६२५ चौरस किलोमीटर. त्या कोअरच्या आत कोळसा, बोटेझरी, नवेगाव, जामणी, पळसगाव, रानतळोधी अशी गावं होती. २००७ च्या सुमाराला बोटेझरी आणि कोळशातली काही घरं हलली, मग एकेक करत पुढची.

गाव हललं की शेतं ओस पडतात आणि तिथं गवत येतं. पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेली, शेणखत पडलेली, दगडगोटे वेचून काढलेली जमीन, गवत जोमात येणारच. गवत आलं की चितळ आणि गवे येतात, त्यांच्या मागोमाग वाघ. म्हणजे ज्या मोकळ्या जागेत आपल्याला वाघ "छान दिसतो" ती जागा कुणाच्या तरी आजोबा-पणजोबांनी झाडोरा काढून, पाठ मोडेस्तोवर राबून मोकळी केलेली आहे. सफारीचं तिकीट काढताना हे कुणी सांगत नाही. सांगायला पाहिजे असं मला फार वाटतं, एक पाटी तरी लावा, इथं अमुक गाव होतं, इथं इतकी घरं होती.

आणि ताडोबा हे नाव तरी कुठलं? तारू नावाचा एक गावप्रमुख होता, वाघाशी झुंजताना तो मेला आणि गोंडांचा देव झाला, तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात तिथं जत्रा भरायची रीत. तारूचा तारोबा, तारोबाचा ताडोबा. म्हणजे राज्यातल्या सगळ्यात जुन्या राष्ट्रीय उद्यानाचं नावच मुळी एका आदिवासी माणसाचं आहे, आणि ती गोष्टसुद्धा वाघ आणि माणूस एकाच जंगलात राहण्याची आहे. मला यात विशेष वाटतं ते हे, की वाघानं माणूस मारला तरी त्या लोकांनी वाघ संपवायचं ठरवलं नाही. मेलेल्याला देव केलं, आणि वाघालाही वाघोबा म्हणून पुजत राहिले. मोहर्लीहून ताडोबाकडे जाताना रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब लागतात, गोंड राजांच्या काळचे, त्यांच्यातून दोर ओवून घंटा बांधलेल्या असायच्या आणि निरोप पुढे जायचा असं सांगतात. आपण त्यांचेही फोटो काढतो आणि पुढे जातो.

नावांचं हे प्रकरण मग माझ्या डोक्यात घुसलंच. जगात इतर ठिकाणी काय झालं म्हणून बघायला गेले तर सगळीकडे तीच गोष्ट, फक्त वळणं वेगळी.

अमेरिकेतल्या योसेमिटीची एक हकीकत आहे, १८५१ ची. तिथल्या अवाहनीची लोकांना दरीतून हुसकायला एक बटालियन गेली होती. त्यांच्यातल्या बनेल नावाच्या माणसाने एका सुंदर तळ्याला त्या लोकांच्या म्हाताऱ्या मुखियाचं, तेनायाचं नाव द्यायचं ठरवलं आणि मोठ्या कौतुकाने त्यालाच ते सांगितलं. तेनाया म्हणाला, त्याला नाव आहे की, आम्ही त्याला पायवियाक म्हणतो. बनेलने समजावलं की तुझं नाव असं कायमचं राहील. त्यावर म्हाताऱ्याचा चेहरा पडला, तो तिथून उठून निघून गेला, आणि गेलेल्या मुलखाच्या बदल्यात तळ्याला नाव मिळालं हे त्याला काही भरपाईसारखं वाटलं नसावं, असं बनेलनेच नंतर लिहून ठेवलंय. हे मी दोन-तीनदा वाचलं. तुझं नाव तळ्याला देतो म्हणजे तू आता इथं नसणार, हे त्या म्हाताऱ्याला त्याच क्षणी कळलं असणार.

आफ्रिकेतल्या सेरेंगेटीचं उलटं आहे. तिथं नाव राहिलं, तिथल्या गुरं राखणाऱ्या मसाई लोकांचंच राहिलं. सिरिंगित म्हणजे जिथं जमीन संपतच नाही अशी जागा. सगळ्या जगाच्या तोंडी आज तो शब्द आहे. आणि १९५९ मध्ये तिथल्या मसाईंना बाहेर काढून शेजारच्या एन्गोरोंगोरोला पाठवलं, तिथं तुम्ही गुरांसकट राहा म्हणून. एन्गोरोंगोरो हा शब्द म्हणे गाईच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज आहे, एन्गोर एन्गोर. तर १९७५ मध्ये तिथं शेतीवर बंदी आली, पुढे त्या मोठ्या विवरात गुरं उतरवायलाही, आणि २०२२ पासून तिथल्याही मसाईंना दूर हांदेनीकडच्या मसोमेराला हलवायला सुरुवात झाली. घंटेच्या आवाजाचं नाव राहिलं. विवरात घंटा नाही.

उलुरूबद्दल वाचलं तेव्हा पहिल्यांदा जरा बरं वाटलं. ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरचा तो प्रचंड लाल खडक, १८७३ मध्ये एका सर्व्हेअरने बघितला आणि तिथल्या एका मोठ्या राजकारण्याच्या नावावरून त्याचं एअर्स रॉक करून टाकलं. त्या हेन्री एअर्सचा त्या खडकाशी काय संबंध? २६ ऑक्टोबर १९८५ ला ती जमीन तिथल्या मूळच्या अनांगू लोकांना कायद्याने परत दिली, त्यांनी ती ९९ वर्षांच्या लीजवर राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारला दिली, आणि उद्यान चालवणाऱ्या बोर्डावर बहुमत अनांगूंचं. १९९३ मध्ये दोन्ही नावं आली, २००२ मध्ये क्रम बदलून उलुरू पुढे आलं. ते लोक वर्षानुवर्षं सांगत होते की खडकावर चढू नका, तो आमच्या पूर्वजांचा मार्ग आहे, लोक चढतच होते, शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ ला चढाई कायमची बंद झाली. जमीन परत मिळून ३४ वर्षांनी. एवढा वेळ लागला, पण क्रम बघा, आधी जमीन आली, मग नाव, मग "नाही" म्हणण्याचा अधिकार. आपल्याकडे आपण सुरुवात नेहमी शेवटच्या टोकाकडून करतो, म्हणजे आदिवासींची चित्रं भिंतीवर, त्यांचा नाच रिसॉर्टच्या लॉनवर, त्यांच्या देवाचं नाव गेटवर, आणि जमीन? तिचा विषय निघाला की फाईल.

खरं तर आपल्याकडे कायदा आहे, आणि चांगला आहे. २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. सरकारने स्वतःच्या कायद्यात असं लिहिणं ही साधी गोष्ट नाही. तो अभयारण्यांना आणि राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. वन्यजीवांसाठी एखादी जागा माणसांपासून मोकळी करायची झाली तर आधी हक्क मान्य करायचे, मग इथं माणसांनी राहिल्याने कधी भरून न येणारं नुकसान होतं हे दाखवायचं, एकत्र राहण्याचा दुसरा पर्याय नाही हे दाखवायचं, आणि मग ग्रामसभेची संमती, तीसुद्धा सगळं नीट कळून दिलेली. व्याघ्र प्रकल्पातून स्वेच्छेने उठणाऱ्या कुटुंबाला १० लाखांचं पॅकेज होतं, ते २०२१ मध्ये १५ लाख केलं. जून २०२४ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र पाठवलं, देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमध्ये अजून ५९१ गावं आणि ६४,८०१ कुटुंबं आहेत, त्यांच्या पुनर्वसनाचं काम प्राधान्याने घ्या.

चौसष्ट हजार कुटुंबं. मला लगेच तो पाटा आठवला.

"स्वेच्छेने" या शब्दावर मी खूप विचार केलाय. जायचं होतं म्हणून गेलेले लोक आहेत, ते नाकारून चालणार नाही. आत शाळा नीट नाही, बाळंतपणाला दवाखाना लांब, रानडुकरं पीक ठेवत नाहीत, पोरगी द्यायला कुणी तयार नाही, अशा ठिकाणाहून रस्त्याजवळ जायला मिळालं तर का जाऊ नये? गाईडनेही मला हेच सांगितलं, पोरगा कॉलेजला गेला ताई, तिथं राहून गेला नसता. पण पन्नास वर्षं रस्ता द्यायचा नाही, वीज द्यायची नाही, चराईवर बंधनं घालायची, आणि मग विचारायचं की राहता का जाता, तर त्या "जातो" ला पूर्ण स्वेच्छा म्हणताना माझी जीभ अडखळते. रस्ता मिळायला गाव सोडावं का लागावं? मला शहरात रस्ता मिळतो तेव्हा कुणी माझं घर मागत नाही.

वाघाच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण मी वाघावर प्रेम करणारीच बाई आहे आणि यात खोटेपणा नको. वाघाला जागा लागते. पिल्लं वाढवायला शांतता लागते. ताडोबात आज वाघ आहेत त्यात मोकळ्या झालेल्या त्या कुरणांचा वाटा आहे, हे वर लिहिलंच. चंद्रपूर जिल्ह्यात मोह वेचायला गेलेल्या बायका वाघाच्या हल्ल्यात मरतात, ते वाचताना पोटात कालवतं. मग कुणी म्हणेल की बघा, म्हणूनच माणसं बाहेर हवीत. पण बाहेर म्हणजे कुठे? वाघ काही कोअरची हद्द पाळत नाही, मोहाची झाडं सगळीकडे आहेत, आणि हलवलेलं गावसुद्धा जंगलाच्याच कडेला वसतं. फरक इतकाच पडतो की जुन्या जागी कुठल्या नाल्यात वाघ दुपारचा बसतो हे म्हातारीला माहीत होतं, नव्या जागी माहीत नाही.

हे माहीत असणं, हीच मला या सगळ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगनाथस्वामी टेकड्यांमध्ये सोलिगा लोक राहतात. ते उन्हाळ्याआधी जंगलात जमिनीवरचा पाचोळा हलकासा जाळायचे, तरगु बेंकी म्हणतात त्याला, थंडीच्या शेवटी, जमिनीलगतची लहान आग. १९७४ ला अभयारण्य झालं, त्यांची वस्ती हलवली, आग बंद. आग म्हणजे जंगलाचं नुकसान, असा साधा हिशोब. पुढे काय झालं, तर घाणेरी वाढली. आपल्याकडे टणटणी म्हणतात तीच, रंगीबेरंगी फुलांची, बाहेरून आलेली. इतकी वाढली की खाली गवत उरेना, आवळ्याच्या झाडांवर बांडगुळं माजली, आणि सोलिगा म्हातारे सांगत राहिले की ती छोटी आग घाणेरीचं बी मारत होती, बांडगुळाला आवरत होती. संशोधकांनी नंतर त्यांच्यासोबत काम केलं आणि या म्हणण्यात तथ्य दिसलं. वाळलेली घाणेरी पेटली की जी आग लागते ती मोठी, झाडं खाणारी. म्हणजे लहान आग थांबवून आपण मोठ्या आगीला सरपण रचून ठेवलं. २०११ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या आत सोलिगांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले, देशात असं पहिल्यांदाच, आणि त्याआधी त्यांनी त्यांच्या देवांच्या जागा, झरे, खडक, झाडं यांचा नकाशा करून घेतला होता. कुठला देव कुठल्या ओढ्याशी आहे, कुठल्या कुळाने कुठली जागा राखायची, सगळं. नकाशावर ती नावं उतरली तेव्हा तो पुरावा झाला. आम्ही इथले आहोत याचा पुरावा.

म्हणून म्हणते, जागेची नावं म्हणजे काही लोककथा गोळा करायचा छंद नाही. ज्यांच्याकडे सातबारा नाही त्यांचा तो सातबारा आहे.

आपल्या चंद्रपुरातच, गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव म्हणून गाव आहे. त्यांना २०१२ मध्ये हजारभर हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आता बांबू विकून गाव चालतं, आणि तेंदूपत्ता, ज्यात रोख पैसा मिळतो, तो तोडायचा नाही असं ग्रामसभेने स्वतःहून ठरवलं, कारण पानांसाठी फांद्या तोडल्या जातात, आगी लागतात, आणि तेंदूचं फळ पाखरांना उरत नाही. कुठला अधिकारी सांगायला आला नव्हता. आपल्याला असं शिकवलं जातं की जंगल वाचवायचं काम आपलं, शहरातल्या शिकलेल्या लोकांचं, आणि जंगलातली माणसं म्हणजे धोका. पाचगावची माणसं पाखरांसाठी पैसे सोडतायत. मी माझ्या आयुष्यात पाखरांसाठी काय सोडलं असेल तर आठवत नाही.

माझं म्हणणं असं नाही की सगळी गावं परत आत न्या. ते आता त्या लोकांनाही नको असेल, पोरं मोठी झाली, घरं बांधली. पण वर्षातून एकदा तरी त्यांना आपल्या ठाण्यावर, आपल्या पेनापाशी, म्हणजे गोंडांच्या देवापाशी, जाता यावं, परवानगीसाठी हात न पसरता. कुरणाला गावाचं नाव आहे तर तिथल्या कारभारात त्या गावाचा आवाज असावा. गाईडची नोकरी मिळाली म्हणजे झालं असं नको. त्यांना विचारा की इथं गवत कधी जाळायचे, कुठलं पाणी उन्हाळ्यात टिकायचं. आणि जी ५९१ गावं अजून आत आहेत, त्यांचे हक्क आधी कागदावर आणा, जाण्याराहण्याचं मग त्यांच्याशी बोला. याच क्रमाने.

परतीच्या वाटेवर, ऊन चढलं होतं, मागचे दोघे डुलक्या काढत होते. मी गाईडला विचारलं, भाऊ, हा नाला कुठला? त्याने आधी बीटचा, म्हणजे वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या तुकड्याचा, नंबर सांगितला, सवयीने. मग म्हटलं, तुम्ही काय म्हणायचे याला? तेव्हा तो पहिल्यांदा मागे वळला. आणि मग बोलतच सुटला. हा नाला, तो खडक, या वळणावर त्याच्या आजाचा बैल मेला म्हणून वळणाला बैलाचं नाव, त्या उंचवट्यावर एक म्हातारी एकटी राहायची म्हणून तो तिच्या नावाचा. काही नावं गोंडीत होती, ती मला नीट ऐकूही आली नाहीत, मी परत विचारायची, तो परत सांगायचा. फोन बॅगेत बंद होता, म्हणून परमिटच्या कागदामागे लिहीत गेले, गाडी हलतेय, अक्षर वेडंवाकडं. गेटपर्यंत सतरा नावं झाली.

गेटवर उतरताना मी तो कागद त्याला दाखवला. त्याने वाचला, बोट ठेवून ठेवून. दोन ठिकाणी म्हणाला, असं नाही, आणि माझ्याच पेनाने दुरुस्त केलं. मग जरा थांबून विचारलं, "ताई, याचा फोटू काढू? पोराला पाठवतो. त्याला नाही माहीत."